ताम्हिणीच्या वाटेवरचं कणीस आणि मेक्सिकोत मक्यासाठी राबलेले वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे

पावसाळ्यात पुण्याहून पिरंगुट, पौड करत मुळशी धरणाकडे निघालात की रस्त्याच्या कडेला निखाऱ्यांवर कणसं भाजणाऱ्या मावशी दिसतातच. कणीस भाजलं की लिंबाची फोड तिखट-मिठात बुडवून त्यावर घासायची. ताम्हिणीच्या धुक्यात उभं राहून ते खायचं, जीभ चुरचुरली की वर एक कटिंग. यात परदेशी काही आहे असं कुणाच्या मनातही येत नाही.

याच मुळशी तालुक्यात हिंजवडी आहे. तिथल्या कॅफेंच्या मेनूकार्डावर नाचोज, टॅको, बरिटो, हालापेनो असं बरंच काही असतं, आणि ते अमेरिकन किंवा मेक्सिकन म्हणून चांगल्या दराने विकलं जातं. कुठे कुठे ‘मेक्सिकन स्ट्रीट कॉर्न’ही मिळतं. ते म्हणजे भाजलेलं कणीस, वर तिखट, लिंबू आणि थोडं चीज. चीज काढून टाकलं तर उरतं ते ताम्हिणीचंच कणीस.

हा योगायोग नाही. मका मूळचा मेक्सिकोचा आणि मिरचीही तिकडचीच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून मिरची गोव्यात उतरली. त्याआधी आपल्याकडे तिखटपणासाठी भरवसा होता तो मिरीवर. मिरचीला नावसुद्धा आपण मिरीच्या ‘मरिच’ या संस्कृत नावावरून दिलं आणि पुढे विसरून गेलो की ही बाई पाहुणी आहे. लिंबाचा प्रवास मात्र उलटा झाला. ते आशियातलं. स्पॅनिश लोकांनी ते तिकडे नेलं. म्हणजे मेक्सिकोच्या रस्त्यावर आणि मुळशीच्या रस्त्यावर एकच पदार्थ तयार व्हायला तीन खंड आणि शेकडो वर्षं लागली.

आज अमेरिकेत आवडीने खाल्ले जाणारे बरेचसे झणझणीत पदार्थ मेक्सिकोच्या याच मका-मिरचीच्या जोडीवर उभे आहेत. आणि त्या मक्यावर ज्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं घालवली, त्यांच्यात एक मराठी माणूस होता. वर्ध्याचा. त्याने आधी बंदूक हातात घेतली होती आणि मग बियाणं. नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे.

आधी थोडं अमेरिकन तिखटाबद्दल

अमेरिकन जेवण म्हटलं की आपल्याला वाटतं ते मिळमिळीतच असणार. इंग्रजांकडून आलेलं जेवण तसं होतंही. पण अमेरिकेच्या दक्षिणेला आणि नैऋत्येला गोष्ट वेगळी आहे. टेक्सास, कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको हा सगळा मुलूख १८४८ पर्यंत, टेक्सास त्याच्या थोडं आधीपर्यंत, मेक्सिकोचाच होता. सीमा सरकली, पण चुली तिथेच राहिल्या.

टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायका संध्याकाळी चौकात टेबलं मांडून ‘चिली कॉन कार्ने’ विकायच्या. लाल मिरच्यांच्या वाटणात शिजवलेलं मांस. आपल्या झणझणीत रश्शाचा लांबचा भाऊ समजा. लुइझियानात एव्हरी आयलंडवर १८६८ साली एडमंड मॅकिलेनी यांनी मिरची, मीठ आणि व्हिनेगरचा टबॅस्को सॉस विकायला काढला. नाचोज १९४३ साली टेक्सासच्या सीमेला लागून असलेल्या पिएद्रास नेग्रास या मेक्सिकन गावात जन्मले. म्हैस या प्राण्याशी काहीही संबंध नसलेले बफेलो विंग्ज १९६४ साली बफेलो शहरातल्या एका बारमध्ये तयार झाले. नॅशव्हिलचं तिखट चिकन कृष्णवर्णीयांच्या वस्तीतून आलं.

या यादीत एक गोष्ट लक्षात घ्या. श्रीमंतांच्या स्वयंपाकघरात जन्मलेला यात जवळजवळ कुणीच नाही. चौकात विकणाऱ्या बायका, मजूर, सीमेवरचे लोक, गुलामगिरीतून सुटलेल्यांची मुलंबाळं, यांचं हे खाणं. मका आणि मिरची ही गरिबाची भाजीभाकरी. आपल्याकडे ठेचा-भाकरी, तसं.

खानखोजे अमेरिकेत पोचले ते याच लोकांमध्ये.

वर्ध्याहून निघालेला मुलगा

खानखोजे यांचा जन्म १८८० च्या दशकातला, वर्ध्याचा. त्यांचे आजोबा १८५७ च्या उठावात होते, त्यामुळे घरात त्या गोष्टी ऐकतच ते वाढले. पुढचं शिक्षण नागपूरला झालं. लोकमान्य टिळकांचा प्रभाव होता. तो काळच तसा. बंगालची फाळणी, स्वदेशी, बहिष्कार. हातात शस्त्र घेतल्याशिवाय इंग्रज जाणार नाही असं वाटणाऱ्या तरुणांची एक अख्खी पिढी महाराष्ट्रात तयार होत होती.

पण शस्त्र चालवायचं शिकणार कुठे? भारतात ते शक्य नव्हतं. म्हणून हा तरुण जपानमार्गे अमेरिकेला निघाला. १९०७ च्या आसपास तो पश्चिम किनाऱ्यावर होता. पदरात पैसा नाही, ओळखीचं कुणी नाही. मिळेल ते काम करायचं आणि शिकायचं.

शिकले काय, तर दोन गोष्टी. कॅलिफोर्नियात सॅन राफेलच्या माउंट टॅमलपाइस मिलिटरी अकादमीत लष्करी शिक्षण. आणि ओरेगॉन व वॉशिंग्टन राज्यांतल्या कृषी महाविद्यालयांत शेतीशास्त्र. दोन्ही विषय एकाच माणसाच्या डोक्यात कसे बसले असं आज वाटतं. पण त्यांच्या दृष्टीने ते वेगळे नसावेत. दुष्काळ त्या पिढीने डोळ्यांनी पाहिले होते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ मध्य प्रांताने सोसले, तेव्हा खानखोजे शाळेत जायच्या वयाचे होते. इंग्रजी राज्य म्हणजे काय हे समजायला पुस्तकाची गरज नव्हती.

अमेरिकेत त्यांची गाठ पडली ती पंजाबी मजुरांशी. हे लोक लाकडाच्या गिरण्यांत, रेल्वेच्या रुळांवर, फळबागांत राबत होते आणि गोऱ्यांचा मार खात होते. १९०७ च्या सप्टेंबरात वॉशिंग्टनमधल्या बेलिंगहॅम गावात गोऱ्या जमावाने त्यांना मारझोड करून गावाबाहेर हाकललं. आपल्याच देशात राज्य आपलं नाही, म्हणून बाहेरही आपल्याला कुणी विचारत नाही, हे गणित त्या मजुरांना बरोबर कळलं. खानखोजे आणि तारकनाथ दास यांच्यासारखे विद्यार्थी या मजुरांना संघटित करू लागले. १९१३ साली गदर चळवळ उभी राहिली. अध्यक्ष सोहनसिंग भकना, लेखणी लाला हरदयाळ यांची आणि शस्त्रांच्या बाजूची आखणी करणाऱ्यांत खानखोजे.

इथे पुणे जिल्ह्याचं आणखी एक नाव घ्यायलाच हवं. तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे. तेही याच काळात अमेरिकेत होते, गदरमध्ये आले आणि उठाव करायला भारतात परतले. १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. कर्तारसिंग सराभा त्यांच्यासोबत होते. पिंगळे परत आले आणि गेले. खानखोजे वेगळ्या वाटेने निघाले होते म्हणून वाचले, एवढाच काय तो फरक.

इराण, बर्लिन, मॉस्को

पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा योजना अशी होती की जर्मनीची मदत घ्यायची आणि पश्चिमेकडून, इराण-बलुचिस्तानच्या बाजूने, इंग्रजांवर चालून यायचं. खानखोजे त्या मोहिमेत इराणला गेले. तिथे लढले, जखमी झाले, इंग्रजांच्या हाती सापडले आणि निसटले. या काळावर एखादी वेबसीरिज सहज निघेल. पण मोहीम फसली. जर्मनी हरली आणि हिंदुस्थानात उठाव काही झाला नाही.

मग बर्लिन. १९२१ साली वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त यांच्यासोबत मॉस्को. रशियात क्रांती झाली होती, तिथून भारतासाठी काही मदत मिळते का ते पाहायला हे सगळे गेले होते. हाती फारसं लागलं नाही. आपापसात मतभेद, कोण खरा प्रतिनिधी यावरून वाद. आपल्या चळवळींना हा रोग जुनाच आहे.

आता विचार करा. वय चाळिशीकडे झुकलेलं. मायदेशी जावं तर इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव. अमेरिकेतही परतणं शक्य नाही. जोडीदार फासावर गेलेले किंवा पांगलेले. अशा वेळी पुष्कळ क्रांतिकारक युरोपातल्या भाड्याच्या खोल्यांमध्ये झिजून संपले. खानखोजेंनी १९२४ मध्ये मेक्सिकोची वाट धरली.

मेक्सिकोच का? कारण तिथे ओळख होती. अमेरिकेत असताना त्यांचा मेक्सिकन क्रांतिकारकांशी संबंध आला होता. त्यातले रामोन दे नेग्री पुढे मेक्सिकोच्या सरकारात शेतीखात्यापर्यंत पोचले. त्यांच्या मदतीने खानखोजेंना चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापकाची जागा मिळाली.

तेव्हा मुळशीत काय चाललं होतं

इथे जरा थांबून परत मुळशीत येऊ, कारण तारखा फार बोलक्या आहेत.

१९२१ च्या रामनवमीला मुळशी सत्याग्रह सुरू झाला. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, त्यासाठी टाटांच्या कंपनीचं धरण मुळेच्या खोऱ्यात येत होतं. भाताची खाचरं आणि गावंच्या गावं पाण्याखाली जाणार होती. मावळे अडून बसले. नेतृत्व करायला पुढे आले पांडुरंग महादेव बापट. मुळशीनेच त्यांना सेनापती केलं. हे बापटही तरुणपणी परदेशी गेलेले आणि पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या मिळवून आलेले. म्हणजे दोन पांडुरंग, दोघेही शस्त्राच्या वाटेने निघालेले आणि दोघेही शेवटी शेतकऱ्याच्या जमिनीपाशी येऊन थांबलेले. दोघांच्या आयुष्याचा शेवटही एकाच वर्षी, १९६७ साली झाला.

१९२४ च्या शेवटी मुळशीचा लढा संपला. बापट तुरुंगात गेले आणि पुढच्या काही वर्षांत धरण पुरं झालं. आज आपण वीकेंडला जो जलाशय पाहायला जातो, त्याच्या तळाशी लोकांचे उंबरठे आहेत.

त्याच १९२४ मध्ये खानखोजे ज्या देशात उतरले, तिथे उलटा प्रकार सुरू होता. मेक्सिकोत १९१० साली क्रांती पेटली, ती मुळात जमिनीसाठी. मूठभर जमीनदारांच्या हातात अफाट शेती आणि बाकीचे सगळे त्यांच्या वाड्यावर राबणारे वेठबिगार. एमिलियानो सापाता हा शेतकऱ्यांचा पुढारी त्या लढ्यात मारला गेला. पण १९१७ च्या राज्यघटनेत कलम २७ आलं आणि जमिनी गावांना परत द्यायचा रस्ता मोकळा झाला. खुद्द चापिंगोचं कृषी विद्यालय एका माजी राष्ट्राध्यक्षाच्या जुन्या जहागिरीत भरत होतं. जमीनदाराच्या वाड्यात शेतकऱ्यांची पोरं शिकायला लागली होती.

पण जमीन मिळून पोट भरत नाही. ज्याच्या बापजाद्यांनी दुसऱ्याच्या हुकमावर नांगर धरला, त्याच्या हातात एकदम दोन-चार एकर आले तर बियाणं कुठून आणायचं, पैसा कुठून, सल्ला कुणाचा? जमिनीचा तुकडा नापीक असेल, पाऊस वेळेवर येत नसेल, उंचावर दहिवर पडून पीक करपत असेल तर? जमीनवाटप फसलं तर जुना जमीनदार हसायला टपलेलाच होता. खानखोजेंना काम मिळालं ते नेमकं या जागी.

मका म्हणजे मेक्सिकोची भाकरी

मेक्सिकोत मका म्हणजे काय हे समजायला आपल्याकडची ज्वारी डोळ्यांसमोर आणा. टॉर्टिया ही त्यांची भाकरी. टॅको म्हणजे त्या भाकरीत काहीतरी गुंडाळून खायचं, टमाले म्हणजे मक्याचं पीठ सारणासह कणसाच्या सालात बांधून वाफवायचं. आपल्या पानगीची किंवा पातोळ्याची आठवण येईल.

आणि हे पीठ करायची त्यांची रीत फार हुशारीची आहे. मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर भिजत ठेवतात, साल चोळून काढतात आणि मग पाट्यावर वाटतात. आपल्याकडे खायचा चुना पानात असतो आणि त्याची निवळी काही वड्या करताना वापरतात. तिकडे त्याच चुन्यावर सगळ्या देशाची तब्येत उभी राहिली. कारण मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व एरवी शरीराला नीट मिळत नाही. चुन्याने ते मोकळं होतं. युरोपियनांनी मका उचलला पण चुन्याची रीत उचलली नाही. परिणाम काय, तर इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग झाला. कातडी सोलपटायची, डोकं भ्रमिष्ट व्हायचं, माणसं मरायची. मेक्सिकोतल्या म्हाताऱ्या बायकांना जे ठाऊक होतं ते शास्त्राला विसावं शतक उजाडल्यावर कळलं.

सोबत घेवडा, भोपळा आणि मिरची. मका आणि घेवडा एकत्र खाल्ले की प्रथिनं पुरी पडतात, आपल्या वरण-भातासारखीच. मिरचीमुळे क जीवनसत्त्व मिळतं आणि कोरडी भाकरी घशाखाली उतरते. मांस हवंच असं नाही. हीच थाळी सीमा ओलांडून अमेरिकेत गेली आणि तिथे मांस-चीजची भर पडून जाडजूड झाली.

मक्याचा पूर्वज आहे तेओसिंते नावाचं रानटी गवत. मेक्सिकोच्या शेतकऱ्यांनी साधारण नऊ हजार वर्षांपूर्वी त्यातून मका घडवायला सुरुवात केली. तेओसिंतेचं कणीस बोटभर, दाणे मोजकेच आणि दगडासारखे कडक. पण झाड चिवट, फुटवे पुष्कळ. खानखोजेंनी मका आणि तेओसिंते यांच्या संकरावर काम केलं. रानटी नातेवाइकाचा चिवटपणा आणि घरच्या मक्याचं भरलेलं कणीस एका झाडात आणता आलं तर कमी पावसातही गरिबाच्या पदरात जास्त पडेल, असा तो हिशोब. बोलायला सोपा, करायला वर्षानुवर्षं लागणारा. संकर करायचा, पेरायचं, शेकडो झाडांतून मनासारखी निवडायची, पुन्हा पेरायचं. एका हंगामात एक पाऊल पुढे. मक्याशिवाय गहू आणि डाळवर्गीय पिकांवरही त्यांनी काम केलं. दहिवराला आणि दुष्काळाला टिकणारे वाण हा त्यांच्या कामाचा मुख्य रोख होता.

१९३० च्या सुमारास मक्याच्या नव्या वाणांवर त्यांची पुस्तिका आली. तिच्यासाठी कणसांचे फोटो काढले होते तीना मोदोत्ती यांनी. फोटोग्राफीच्या इतिहासात हे नाव फार मोठं आहे. एका मराठी माणसाच्या कणसांचे फोटो मोदोत्ती काढते, ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकात का नाही, असा प्रश्न पडतोच.

शाळा शेतावर आली

खानखोजेंचं मला सगळ्यात मोठं वाटणारं काम मात्र बियाण्याचं नाही. त्यांनी शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. चापिंगोला येऊन शिकणं प्रत्येकाला परवडणारं नव्हतं, म्हणून शाळाच गावाकडे गेली. शिकायला येणारे स्वतः शेतकरी. शिकायचं ते आपल्याच पिकाबद्दल. प्रयोगशाळेत झालेलं काम कागदात पडून राहू नये, शेतात उतरावं, हा आग्रह. यालाच आज आपण कृषी विस्तार म्हणतो आणि त्यासाठी खाती, योजना, अधिकारी असतात. तेव्हा त्यासाठी होते एक परदेशी प्राध्यापक आणि त्यांचे काही मित्र.

मित्रांत एक होता दिएगो रिव्हेरा. मेक्सिकोचा सगळ्यात गाजलेला चित्रकार. चापिंगोच्या जुन्या प्रार्थनागृहाच्या भिंती त्यानेच रंगवल्या. मेक्सिको शहरात शिक्षण खात्याच्या इमारतीत त्याचं ‘आमची भाकरी’ या अर्थाच्या नावाचं एक भित्तिचित्र आहे. मेजाभोवती वेगवेगळ्या वंशाची, कष्टाची माणसं बसली आहेत आणि मधोमध एक जण पाव मोडतो आहे. तो चेहरा खानखोजेंचा, असं मानलं जातं. पुढच्या वेळी कुणी ओळखीचं मेक्सिको शहरात गेलं तर त्या भिंतीसमोर फोटो काढायला सांगा.

१९३६ साली खानखोजेंनी जान सिंदिक या बेल्जियन बाईंशी लग्न केलं. दोन मुली झाल्या, सावित्री आणि माया. नावं बघा. वर्धा सुटून तीस वर्षं झाली होती, पण नावांतून सुटलं नव्हतं.

तिकडे कॅलिफोर्नियात

खानखोजे मेक्सिकोत असताना त्यांचे जुने पंजाबी साथी आणि त्यांचे भाईबंद कॅलिफोर्नियात काय करत होते ते पाहा. १९१३ च्या कायद्याने नागरिक होऊ न शकणाऱ्या आशियाई लोकांना तिथे जमीन घ्यायला बंदी झाली. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सांगून टाकलं की हिंदी माणूस अमेरिकन नागरिक होऊच शकत नाही. गावाकडून बायको आणायची सोय नाही. गोऱ्या मुलीशी लग्नाला कायद्याची आडकाठी. मग या शेतकऱ्यांनी मेक्सिकन मुलींशी लग्नं केली. अशी शेकडो घरं झाली, इम्पीरियल व्हॅलीत आणि उत्तरेला युबा सिटीच्या बाजूला.

भाषा जुळत नव्हती, धर्म जुळत नव्हता. चूल मात्र जुळली. त्याला रोटी हवी, तिला टॉर्टिया करता येते. त्याला मिरची हवी, तिच्या घरी मिरचीच्या माळाच टांगलेल्या. या संसारांतून एक पदार्थ जन्मला, रोटी केसादिया. म्हणजे मक्याच्या टॉर्टियाऐवजी पराठ्यासारखी रोटी, आत मांस आणि चीज. युबा सिटीतल्या एका पंजाबी-मेक्सिकन कुटुंबाच्या हॉटेलात तो १९५० च्या दशकापासून चाळीसेक वर्षं मिळत होता. अमेरिकन तिखट पदार्थांच्या याद्यांमध्ये हे नाव फार क्वचित दिसतं. मला विचाराल तर ते पहिल्या पाचांत असायला हवं.

परतीची वाट

१९४७ ला देश स्वतंत्र झाला. ज्यासाठी खानखोजे विशीत घर सोडून निघाले होते ते झालं. आता परत जायचं, साधी गोष्ट. पण नाव इंग्रजांच्या काळ्या यादीत होतं आणि साहेब गेला तरी त्याची कपाटं तशीच राहिली होती. भारतात यायला त्यांनी केलेला अर्ज आधी फेटाळला गेला. ज्या सरकारसाठी आयुष्य पणाला लावलं त्याच सरकारच्या दारात या माणसाला ताटकळावं लागलं. यावर संताप येतो, पण खानखोजे त्यावरून दुखावून बसले नाहीत. १९५५ साली ते कुटुंबासह नागपूरला येऊन राहिले.

तेव्हा वय सत्तरीचं. मेक्सिकोत ज्याला चित्रकारांनी भिंतीवर रंगवलं त्याला नागपुरात ओळखणारे थोडे होते. आपल्याकडे तोवर देशाला जहाजं भरभरून धान्य आणावं लागत होतं. मेक्सिकोत शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन काम केलेला शास्त्रज्ञ घरात बसलेला असताना त्याचा म्हणावा तसा उपयोग आपण करून घेतला नाही.

पुढची गंमत अशी की धान्य वाढलं ते मेक्सिकोच्याच बियाण्याने. १९४४ साली नॉर्मन बोरलॉग मेक्सिकोत गेले. त्यांनी तिथे तयार केलेले बुटके गव्हाचे वाण भारताने १९६६ साली तब्बल १८ हजार टन मागवले आणि हरित क्रांती सुरू झाली. ते वाण खानखोजेंचे नव्हेत, हे स्पष्ट सांगायला हवं. समाजमाध्यमांवर तसं ठोकून देणारे पुष्कळ आहेत. बोरलॉग यांचं श्रेय बोरलॉग यांचंच. पण मेक्सिकोच्या शेतकऱ्याला सुधारित बियाणं पेरायची सवय लावणाऱ्या आधीच्या पिढीत एक वर्ध्याचा माणूस होता, एवढं म्हणायला हरकत नाही.

मेक्सिकन गव्हाचं ते बियाणं शेतात पडलं त्याच हंगामात, २२ जानेवारी १९६७ ला, खानखोजे नागपुरात वारले.

त्यांच्या मुलीने, सावित्री साहनी यांनी, वडिलांचं चरित्र इंग्रजीत लिहिलं. मराठीत वीणा गवाणकरांचं ‘नाही चिरा...’ आहे. २०२२ साली लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते चापिंगोच्या कृषी विद्यापीठात खानखोजेंचा पुतळा बसला. ज्या आवारात त्यांनी मक्याची झाडं निवडली, तिथेच.

मुळशीच्या रस्त्यावर यंदाच्या पावसातही कणसं भाजली जातील. दहा-वीस पावलांवर धरणाचं पाणी असेल, हातात मेक्सिकोचा मका आणि मेक्सिकोचीच मिरची. तिखट जरा जास्त लावायला सांगा.